ठेवा की पुसा

माननीय अध्यक्ष श्री. आनंद दिवेकर, प्रमुख पाहुण्या डॉ. प्रियदर्शनी, आजचे सत्कारमूर्ती श्री. इम्तियाज अत्तार, सौ. बिलकिसताई, आणि पुढच्या खुर्च्या रिकाम्या ठेवून पंख्याखाली दाटीने बसलेले आपल्या ज्येष्ठ नागरिक संघाचे सर्व सभासदहो, नमस्कार.

हे भाषण मी लिहून आणलं आहे, आणि ती वेळ आपणच माझ्यावर आणलीत. मागच्या निरोप समारंभात एकेका वक्त्याने इतकी स्तुती केली की ज्यांना निरोप होता ते गृहस्थच माझ्या कानाशी लागले, "बाई, हे कोणाबद्दल चाललंय?" म्हणून आज कागद. जे घडलं तेवढंच सांगेन.

इम्तियाजभाई धायरी सोडून लोणी काळभोरला, लेकीकडे, अलफियाकडे राहायला जात आहेत. "जवळच तर आहे," असं अध्यक्ष म्हणाले. अध्यक्षांनी एकदा संध्याकाळी हडपसरच्या ट्रॅफिकमधून जाऊन यावं.

आपला वाढदिवसाचा फलक आठवतो ना? सगळे ओळखपत्रावरचे फोटो. खाली 'हार्दिक शुभेच्छा' आणि वर संशयित आरोपी. इम्तियाजभाई कंपनीतून निवृत्त होऊन संघात आले, फलक पाहिला आणि दुसऱ्या दिवशी कॅमेरा घेऊन कोपऱ्यात बसले. कोणी चहा ओततंय, कोणी वर्तमानपत्रावरून भांडतंय, आणि यांचे फोटो चालू.

न विचारता फोटो काढणं मला मान्य नव्हतं. आजही नाही. सचिव म्हणून मी त्यांना तसं बजावलं, तर म्हणाले, "बाई, विचारलं की माणूस निघून जातो आणि ओळखपत्र येऊन बसतं."

शेवटी नियम ठरला. फोटो काढला की लगेच ज्याचा त्याला दाखवायचा. 'ठेवा' म्हटलं तर ठेवायचा, 'पुसा' म्हटलं तर त्याच्यासमोर पुसायचा. कारण विचारायचं नाही.

या नियमाची खरी परीक्षा घेतली मुक्ताताई जगदाळे यांनी. त्या इथे बसल्या आहेत आणि हे सांगायची परवानगी त्यांनी दिली आहे. दोन वर्षांपूर्वी लकव्याने त्यांच्या चेहऱ्याची डावी बाजू उतरली. तेव्हापासून ग्रुप फोटो म्हटला की मुक्ताताई खांबामागे. नातवाचं, दिग्विजयचं लग्न ठरलं, तर घरात जाहीर करून मोकळ्या झाल्या, "लग्नाला येईन, स्टेजवर चढणार नाही. नातसुनेच्या अल्बमात वाकडं तोंड कशाला?"

दिग्विजय मला भेटून गेला. मी काय करणार होते? असल्या गोष्टी दम देऊन होत असत्या, तर माझ्याकडे दम भरपूर आहे.

इम्तियाजभाई त्यांचा फोटो काढत, दाखवत. "पुसा." ते पुसत. पुढच्या आठवड्यात पुन्हा. "पुसा." मी चिडून विचारलं, "अहो, त्या बाईंना त्रास कशाला देता?" ते म्हणाले, "त्या पुसा म्हणतात, पण कॅमेरा आणू नका असं म्हणत नाहीत."

मग एकदा कॅरमवर रंगनाथरावांनी राणीला हळूच बोट लावलं. मुक्ताताई कडाडल्या, "रंगनाथराव, राणी स्वतः चालत भोकात जात नाही. बोट दिसलंय मला." तेवढ्यात फोटो निघाला. नियमाप्रमाणे दाखवला. मुक्ताताईंनी चष्मा वर केला आणि त्या हसायलाच लागल्या. "यांचा चेहरा बघा, दूध पिताना पकडलेला बोका. ठेवा हो, यांच्या बायकोला दाखवायचाय."

रंगनाथराव 'पुसा, पुसा' म्हणत होते. फोटोत दोघे असतील तर कोणाचं ऐकायचं, हे आपण ठरवलंच नव्हतं. मी निकाल दिला, राणीला बोट लावणाऱ्याचं मत धरलं जाणार नाही.

चार दिवसांनी मुक्ताताईंनी इम्तियाजभाईंना बाजूला घेतलं. "त्या फोटोची एक प्रत द्या. रंगनाथरावांना कापून."

तो फोटो आज त्यांच्या घरी दर्शनी भिंतीवर आहे. चेहरा एका बाजूने उतरलेलाच आहे, पण त्या बाईंसमोर राणीला बोट लावायची कोणाची हिंमत होईल, सांगा? लग्न पुढच्या महिन्यात आहे. कालच त्या मला म्हणाल्या, "फोटो कोणीही काढो, मी स्टेजवर मधोमध उभी राहणार."

इम्तियाजभाई, आपले आभार. बिलकिसताई, घरच्या भिंती रंगवायच्या राहिल्या तरी आपण यांना रोज इकडे सोडलंत, आपलेही आभार. बोलताना कोणाला माझा शब्द लागला असेल तर क्षमा असावी. रंगनाथराव, आपल्याला यात धरलेलं नाही. नमस्कार.

समारंभानंतरची नोंद: संघाकडून श्री. अत्तार यांना शाल व श्रीफळ दिले. श्री. अत्तार यांनी कॅमेरा, चार्जर व पट्टा संघास दिला. तो मुक्ताताईंनी ताब्यात घेतला. मुक्ताताईंकडून श्री. व सौ. अत्तार यांना लग्नपत्रिका, 'कॅमेरा न आणता येणे' या अटीवर. लगेच त्याच कॅमेऱ्याने मुक्ताताईंनी श्री. अत्तार यांचा एक फोटो काढून त्यांना दाखवला. ते "पुसा" म्हणाले. त्यांच्यासमोर पुसला. दुसरा लग्नात काढणार आहेत.

पूर्णिमा केतकर, सचिव