उंबऱ्याआतली सून

अंबाजोगाईला मनाच्या डॉक्टरांच्या दाराबाहेर नंबर लावून बसलो होतो. शेजारी दोन म्हाताऱ्या बोलत होत्या.

"आत तुमची सून गेली का?"

"हाव. एकदम छाती धडधडती, हातपाय गार पडत्यात, आता मरते म्हणती. तीनदा ईसीजीची पट्टी काढली, काळजात काईच न्हाई."

"बाहेरचं काई लागलं नसंल ना?"

"कुठून लागंल, माय? चार वर्षं झाली, एकटी उंबऱ्याबाहेर गेली न्हाई. बाजार न्हाई, लगीन न्हाई, माहेरसुदिक न्हाई. पंचक्रोशीत अशी एक सून दाखवा."

"लई नशीबवान हायेत तुमी. आमची तर सारखी माहेरी, पाटोद्याला."

दार उघडून सून बाहेर आली.

"काय म्हणले गं, शिवकन्या?"

"काळीज चांगलं हाय. ही भीतीची बिमारी हाय म्हणले. पहिल्यांदा बाजारात तसं झालं. परत व्हईल म्हणून मी बाजार सोडला, मग यष्टी, मग शेजार. गोळ्या घ्यायच्या, आन रोज एकटीनं थोडं थोडं पुढं जायचं. बरी व्हते म्हणले."

"म्हंजी तू घरात बसायचीस, ती बिमारी व्हती?"

"हाव."

"मग चार वर्षं बोलली न्हाईस कावून?"

"बोलणारच व्हते, आत्या. पर तवाच तुमी गावात माझं कौतुक सांगाय लागल्या. त्याच्याआधी तुमी कधी माझं कौतुक केलं नव्हतं."