साहेब येणार म्हणून

(जबलपूर, गोहलपूर. दुपार. राखीचं एका खोलीचं घर. दाराशी शिलाई मशीन, बाजूला सलवार-सूटांचा ढीग. सरकारी शाळेतल्या विनता मॅडम पलंगाच्या कडेवर टेकल्या आहेत. भिंतीशी राखीची अकरा वर्षांची मुलगी अवंतिका बसली आहे. तिचे पाय जन्मापासून चालत नाहीत.)

राखी: ते सारं ठीक आहे जी. पण तुम्ही आल्या काहून, ते तर सांगा.

विनता: सांगितलं ना. इकडेच काम होतं. म्हटलं, अवंतिका या आठवड्यात शाळेत दिसली नाही, बघून यावं.

राखी: अच्छा. या आठवड्यात दिसली नाही म्हणून. पावसाळ्यात टायफाइड झाला होता हिले, महिनाभर घरी होती. तवा नाही आलं कोणी बघाले.

विनता: तेव्हा यायला हवं होतं. चुकलंच.

राखी: चहा घेता? का उपास आहे?

विनता: उपास कशाचा? आज बुधवार.

राखी: मागे एक मॅडम आल्या होत्या नावं लिहून घ्यायले. त्यायचाही बुधवारच होता. पण चहा म्हटलं का उपास निघाला. पाणीबी नाही घेतलं गळ्याखाली.

विनता: मला चहा द्या. आलं असेल तर टाका, घसा बसलाय.

राखी: टाकते. घसा बसणारच. दिवसभर पोट्ट्यायवर ओरडता तुम्ही. मी माल द्याले जाते ना दुकानात, रस्त्यावर ऐकू येते तुमचा आवाज. सगळी लेन म्हणते, वो मराठी मॅडम बहुत चिल्लाती है.

अवंतिका: मम्मी…

राखी: तू चूप बस. बरं मॅडम, उद्या कोण येऊन राहिलं शाळेत?

विनता: तुम्हाला कोणी सांगितलं?

राखी: सांगाले कोण पायजे? सकाळपासून रॅम्पले चुना मारून राहिले. रॅम्पले चुना लागला का समजायचं साहेब येते. आन् साहेब येते तवाच आमची अवू आठवते सगळ्यायले.

विनता: भोपाळहून टीम येणार आहे. समावेशी शिक्षण कसं चाललंय ते बघायला.

राखी: हे समावेशी म्हणजे काय जी?

विनता: म्हणजे सगळ्या मुलांनी एकत्र शिकायचं. कोणाला बाजूला बसवायचं नाही.

राखी: मस्त आहे. मग माही पोरगी कुठं बसते?

विनता: खाली. वऱ्हांड्यात.

राखी: कोणासंग?

विनता: दुसरीच्या मुलांबरोबर.

राखी: आन् आहे कितवीत?

विनता: राखीताई, तुम्हाला माहीत आहे सगळं.

राखी: मले मालूम आहे. तुमच्या तोंडून ऐकायचं आहे.

विनता: सहावीत आहे. सहावी वर भरते, आणि रॅम्प फक्त वऱ्हांड्यापर्यंत आहे.

राखी: हं. आता बोला, बड्या सरांनी पाठवलं ना तुमाले?

विनता: हो. मुख्याध्यापकांनीच पाठवलं.

राखी: मग इकडे काम होतं कशाले म्हणता?

विनता: संकोच वाटला. म्हटलं, तुम्ही दारातूनच परत पाठवाल.

राखी: पाठवलंच असतं. तुमालेच काहून पाठवलं? हिले खाली सांभाळते त्या तिवारी मॅडमले काहून नाही?

विनता: सर म्हणाले, आप मराठी हैं, वो भी मराठी हैं. अपने लोगों की बात मान जाएँगे.

राखी: अरे वा! अपने लोग! मॅडम, तुम्ही राहता नेपियर टाउनात. तुमच्या आजोबाच्या आजोबापासून इथं आहात म्हणता, गणपती बसवता, हळदीकुंकू करता. माह्या सासूले कधी बलावलं हळदीकुंकवाले?

विनता: नाही.

राखी: मी भांडून नाही राहिली. मी म्हणते, मराठी बोललं का आपलं होते काय? बड्या सराले काय मालूम आमच्यातलं. त्यायले वाटलं, भाषा एक, माणसं एक. पोरगी मागाले मराठी मॅडम पाठवून दिली, झालं काम!

विनता: तुम्ही म्हणता ते खोटं नाही. पण मी काही तिला मागायला…

राखी: मग कशाले आल्या? उद्या काय करायचं आहे हिनं? खरं सांगा.

विनता: नवा युनिफॉर्म शाळेकडून मिळेल. टीम यायच्या आधी मोठी मुलं खुर्चीसकट तिला वर नेतील. ती वर्गात पुढे बसेल. टीम दोन-चार प्रश्न विचारेल, फोटो होईल.

राखी: आन् मग?

विनता: मग…

राखी: मग टीम गेली का पोट्टे तिले खाली आणून ठेवतील. मागच्या साली असंच केलं ना. तुम्ही होत्या तवा?

विनता: मी मागच्या वर्षी दुसऱ्या शाळेत होते. एप्रिलनंतर बदली झाली माझी.

राखी: मग ऐका. पाचवीबी वरच भरत होती. हिले वाटलं, आता आपण वरच राहणार. हिनं रात्रीच दप्तरात साऱ्या विषयांची पुस्तकं भरली. मुस्कान म्हणून हिची मैत्रीण आहे, बाजूच्या घरातली, तिले सांगून ठेवलं, माझी जागा धर. साहेबानं हार घातला, फोटो काढला, पेपरात आला. हे पण खुश. हिच्या पप्पानं तो फोटो कारखान्यात सगळ्यायले दाखवला. साहेबाची गाडी गेटातून भायेर पडली आन् दोन पोट्टे आले, चलो चलो, नीचे. पुस्तकं बाकावरच होती. मुस्काननं संध्याकाळी आणून दिली. ही पोरगी त्या रात्री जेवली नाही. रडलीबी नाही. मी विचारलं तर म्हणते, भूक नाही.

अवंतिका: मम्मी, हे सगळं काहून सांगतेस?

राखी: सांगणार. मॅडमनं ऐकावं म्हणून सांगते.

विनता: मला हे कोणी सांगितलं नव्हतं.

राखी: कोण सांगन? आन् अजून एक विचारते, राग नका मानू. माही सासू म्हणते, पाय तर बहाणा आहे. पाय धड असते तरी हिले कुठंतरी मागंच बसवली असती. तिले तिच्या काळात दारापाशी बसवायचे, पाटी अलग, पाण्याचं मडकं अलग. तर ही खाली बसते ती पायामुळं का आमच्यामुळं?

विनता: पायामुळे, असं मी म्हणेन. पण तुमच्या सासूबाईंना खोटं पाडता येईल असं माझ्याकडे काही नाही.

राखी: हं. हे बरं बोलल्या. चहा ठेवला बाजूले.

विनता: सुरुवातीला पोरं रोज उचलून वर नेत होती म्हणे. मग एकाचा पाय घसरला, खुर्ची कलली. सर म्हणाले, पडली तर जिम्मेदारी कोणाची? तेव्हापासून बंद.

राखी: आन् मलेबी नाही पायजे तसं. पोरगी मोठी होऊन राहिली. रोज चार पोट्ट्यायनं उचलायचं, ते बरं दिसते का? रस्त्यात पोरं हसतात.

अवंतिका: मला पण नाही आवडत. पकडतात कुठेही.

राखी: ऐकलं? तुमाले सांगते मॅडम, मी उद्या हिले नाही पाठवणार. त्यात तुम्ही तशा ओरडणाऱ्या. साहेबासमोर गोड बोलान, साहेब गेल्यावर पोरगीवरबी ओरडान.

अवंतिका: मम्मी, मॅडम ओरडत नाही!

राखी: नाही कशी? सारी लेन बहिरी आहे का?

अवंतिका: ओरडत नाही ना! मॅडम वर्गातून बाहेर येऊन जिन्यापाशी उभी राहते. तिथून शिकवते. जोरात, माझ्यासाठी. खाली मला सब सुनाई देता है. गणितातलं भिन्न, दशमलव, प्रतिशत, सगळं. मी खाली उत्तर देते मनात. आणि कभी कभी मॅडम विचारते, नीचेवाली, समझ में आया? मग मी वाटी वाजवते.

राखी: काय वाजवतेस?

अवंतिका: खाण्याची वाटी. एक बार म्हणजे समझ गई. दोन बार म्हणजे फिर से.

राखी: आन् हे मले आज सांगून राहिली तू?

अवंतिका: तू बोलली असती, बंद करो. आणि बडे सरला समजलं असतं तर मॅडमला डाँट पडली असती.

विनता: पडली आहे एकदा. त्यांना वाटलं, वर्गावर ताबा नाही म्हणून बाहेर येऊन ओरडते. मी मनात म्हटलं, वाटू दे.

राखी: म्हणजे घसा तुमचा…

विनता: जाऊ द्या हो घशाचं.

राखी: बसा. चहा थंड होऊन राहिला. घ्या.

विनता: घेते.

राखी: एक सांगा. एप्रिलपासून?

विनता: जुलैपासून. शाळा उघडली तेव्हापासून.

राखी: म्हणजे तुमाले जुलैपासून मालूम आहे का माही पोरगी खाली बसून तुमची सहावी ऐकून राहिली.

विनता: हो.

राखी: आन् ती हुशार आहे, तेबी मालूम आहे.

विनता: वर्गात सगळ्यात हुशार आहे. तिवारी मॅडम तर तिच्याकडून दुसरीच्या मुलांचे पाढे पाठ करून घेतात.

राखी: मग इतके महिने तुम्ही घसा फोडला, लोकायच्या शिव्या खाल्ल्या, बड्या सराची बोलणी खाल्ली. आन् ते चाळीस धडधाकट पोट्टे जिना उतरून खाली आले असते, तर काय बिघडलं असतं?

विनता: सरांनी वरचाच हॉल दिलाय सहावीला. तिथे टीव्ही बसवलाय, मोठा. टीमला तो दाखवायचा असतो.

राखी: टीव्हीले पाय नाहीत, म्हणून तो वर. माह्या पोरीले पाय नाहीत, म्हणून ती खाली. वा रे न्याय!

विनता: मी विचारलं होतं सरांना. खाली वर्ग घेऊ का म्हणून.

राखी: किती वेळा विचारलं?

विनता: एकदा.

राखी: आन् ते नाही म्हणाले.

विनता: नाही म्हणाले. मग मी जिन्यापाशी उभी राहायला लागले.

राखी: तुमचं मन चांगलं आहे मॅडम. आता मानते मी ते. पण मन चांगलं आहे आन् पोरगी अजून दुसरीतच बसून आहे.

विनता: बरोबर आहे तुमचं. बोला, अजून बोला.

राखी: अजून काय बोलू? मलेच बोलता येत नाही धड.

विनता: ऐका. उद्या तुम्ही तिला पाठवा. कोणी तिला उचलणार नाही, मी तसं होऊ देणार नाही. टीम आली की मी सहावी खाली उतरवते, वऱ्हांड्यात. टीमसमोर सर काही बोलू शकणार नाहीत. सगळ्यांसमोर ती आपल्या वर्गात बसेल.

अवंतिका: मुस्कानजवळ?

विनता: मुस्कानजवळच.

अवंतिका: आणि परवा, मॅडम?

विनता: परवा… परवाचं सरांशी बोलावं लागेल, बेटा. पण एकदा टीमनं बघितलं की मग…

राखी: पाहा. आली गाडी तिथंच.

विनता: राखीताई, भोपाळच्या लोकांसमोर एकदा झालं की नंतर नाही म्हणणं कठीण जातं.

राखी: मागच्या सालीबी सारं भोपाळच्या लोकायसमोरच झालं होतं. साहेबासमोर जे होते ते साहेबासाठी होते जी. मले आता अक्कल आली. उद्या ही नाही येत.

विनता: मग मी सरांना काय सांगू?

राखी: सांगा, तिची आई हट्टी आहे, नाही ऐकली. खरंच आहे ते.

विनता: आणि उद्या वर्ग खाली आणून काय करू मी, ती नसेल तर?

राखी: उद्या आणूच नका. उद्या तुमचा टीव्ही दाखवा, चुना दाखवा. परवा आणा. परवा कोणी साहेब नाही, फोटो नाही, नवा युनिफॉर्म नाही. परवा तुम्ही ते चाळीस पोट्टे घेऊन खाली बसा. मी हिले घेऊन गेटापाशी येते. वर्ग खाली दिसला तर आत सोडते. नाही दिसला तर तशीच वापस. मग पुन्हा आमच्या दाराशी येऊ नका, मराठी बोलाले.

विनता: सर गप्प बसणार नाहीत. बदलीची धमकी देतील. माझी सासू आजारी आहे, घरून लांब जाणं मला…

राखी: ते तुमचं तुम्ही पाहा. मी तुमाले जबरदस्ती नाही करून राहिली. नाही जमलं तर नाही जमलं. तुमच्यावर राग नाही ठेवणार. विश्वासबी नाही ठेवणार.

अवंतिका: मम्मी, मॅडमला डाँट पडेल.

राखी: पडू दे. त्या मोठ्या आहेत, सहन करतील. तू लहान आहेस आन् तू रोज सहन करतेस.

विनता: चहा छान झाला होता. निघते मी.

राखी: थांबा, ओढणी अडकली मशीनमध्ये. हं, आता जा.

अवंतिका: मॅडम, परवा पहिला पीरियड कोणता?

विनता: गणित.

राखी: घंटा कितीले होते?

विनता: साडेदहाला. पण घंटा झाल्यावर लगेच परत फिरू नका. जरा थांबा गेटाशी. चाळीस मुलांना जिना उतरायला वेळ लागतो.