तोंडी लावायला

फिजिओथेरपीच्या दवाखान्यात शिंपीणबाई मोडलेला हात गळ्यात अडकवून नंबराची वाट बघत होत्या. समोरच्या बाकावर नणंद-भावजय बसल्या होत्या. भावजयीचा नवरा आत व्यायाम करत होता, पण हिचा आवाज पार दारापलीकडे जात होता.

"वन्सं, काल तुमच्या भावाने बटाटे केले!"

"दादाने? अगं, अर्धांगाचा झटका आल्यापासून त्याला चमचासुद्धा धरवत नव्हता ना?"

"नव्हताच. काल त्याच उजव्या हातात चमचा धरून भाजलेल्या बटाट्यांचा गर कोरला. चीज, लोणी, मिरपूड कालवून परत सालीत भरला, वर आणखी चीज किसलं आणि ओव्हनमध्ये लावला. काय खरपूस रंग आला म्हणून सांगू!"

शिंपीणबाईंनी झोळीतली बोटं जराशी हलवून बघितली.

"तू मदत केली असशील."

"हे मला हात लावू देतील तर शपथ! केलं होतं तोंडी लावायला, पण पोरांनी त्याच्यावरच पोट भरलं. मी एवढी खपून केलेली कोंबडी, तिला कुणी विचारेना."

"आणि साली? त्या तर लगेच फाटतात."

"एक फाटली नाही!"

तेवढ्यात दार उघडून नवरा काठी टेकत बाहेर आला.

"उगाच फुशारकी नको. एक फाटली होती."

"ती मी कोरलेली!"