पुढे गेलेलं पाडस

मार्लिस : नाही वर्सामे, असं चालत नाही. ‘पाडस शूर होतं’ हे तात्पर्य नव्हे.

वर्सामे : का नव्हे, बाई? शूरच होतं.

मार्लिस : अहो, लांडग्यानं खाल्लं त्याला! कळप सोडून एकटं टेकडीपलीकडे गेलं म्हणून खाल्लं. मग आपण काय शिकायचं?

वर्सामे : तिसरी ओळ वाचा. ‘कळपापाशी गवत संपत आलं होतं.’ संपलेल्या गवतावर बसून राहणारी हरणं किती दिवस जगणार? कुणीतरी पुढे जायलाच हवं.

मार्लिस : गोष्ट इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी आहे. दहा ओळी, एक लांडगा, एक तात्पर्य. इतकं खणायचं नसतं तिला.

वर्सामे : तुमच्या घरी गुरं होती म्हणालात ना?

मार्लिस : चाळीस गाई. त्यांच्यामागे कधी रानोमाळ फिरले नाही मी. कुंपण होतं.

वर्सामे : कुंपणातल्या गाईला तात्पर्य सोपं असतं, बाई.

मार्लिस : चला, माझ्या गाईंवर घसरलात!

वर्सामे : आमच्याकडे उंट न्यायचे तर आधी एकाला पुढे धाडतात. पाऊस पडला तर कुठे पडला, गवत आलं तर किती आलं, विहिरीवर कोण बसलं, सगळं हेरून त्यानं परत यायचं. मग तळ हलतो. चौदाव्या वर्षी मला धाडलं होतं. आई रडली, पण मला मूर्ख म्हणाली नाही.

मार्लिस : हे पाहा. चार प्रश्नांतले तीन बरोबर आलेत तुमचे. पाचात चार हवेत. हे चुकलं तर शाळेच्या पिवळ्या बसच्या ड्रायव्हरांच्या वर्गातली जागा दुसऱ्याला जाईल. सोमवारी वर्ग सुरू. मग थेट पुढच्या हिवाळ्यात.

वर्सामे : ठाऊक आहे.

मार्लिस : उत्तर तुम्हाला येतं. माझ्याकडे असं बघू नका, मी ते सांगणार नाही.

वर्सामे : उत्तर येतं हो. पण धडा झाला की मी त्याचा फोटो नैरोबीला पाठवतो. माझी बायको उबाह तो मुलांना वाचून दाखवते. मला इकडे येऊन दोन वर्षं झाली, मुलं विचारतात, बाबा पुढे का गेला? आणि आज मी लिहून धाडू, पुढे जातो तो मूर्ख?

मार्लिस : उत्तरपत्रिका मी बनवलेली नाही, वर्सामे. मी फक्त खूण करते. पाच मिनिटं उरलीत.

वर्सामे : मग हे लिहिलं, करा खूण. ‘मोठ्यांचं ऐकावं, कळप सोडू नये.’

मार्लिस : …बरोबर.

वर्सामे : चार झाले?

मार्लिस : चार. झालात पास. लगेच म्हणालात की! मला वाटलं, आता भांडाल.

वर्सामे : वाटेत काटेरी झुडूप आलं तर त्याच्याशी कोण भांडतं? वळसा घालायचा. तुमच्याकडे कात्री आहे?

मार्लिस : ही घ्या. काय कापताय?

वर्सामे : तात्पर्याची शेवटची ओळ. ही तुमच्याकडे ठेवा, परीक्षेची आहे. वरचं सगळं घरी पाठवतो.

मार्लिस : तात्पर्याविना? मुलांना कळायचं कसं?

वर्सामे : भांडतील. थोरला म्हणेल पाडस चुकलं, धाकटी म्हणेल कळप चुकला. आमच्याकडे शेवट सांगून कुणी उठत नाही. ऐकणारे भांडले नाहीत तर गोष्ट फुकट गेली.

(मार्लिस कागद ओढून घेते आणि तिसरी ओळ पुन्हा वाचते.)

मार्लिस : एकोणीस वर्षं ही गोष्ट वाचून घेतेय मी. गवताकडे कधी बघितलंच नाही.

वर्सामे : तुम्ही लांडग्याकडे बघत होतात.

मार्लिस : मुलं काय म्हणाली ते सोमवारी सांगा हं मला.

वर्सामे : सोमवारी मी बसच्या वर्गात, बाई.

मार्लिस : हो, खरंच की. तिकडे असाल तुम्ही.