पुलाखालची डबी

तुम्ही म्हणता, शिकलेल्यांना विचारावं. मी विचारलं होतं, ऐका काय झालं ते.

पुण्याकडच्या एका कॉलेजातल्या सरांनी संशोधन करून एक डबी बनवली आणि आमच्या माले गावातल्या ओढ्यावरच्या पुलाखाली बसवली. पूल कमजोर झाला की ती आधीच कळवणार, असं ग्रामसभेत बोलले. आम्ही टाळ्या वाजवल्या. परवा त्यांची एक विद्यार्थिनी लॅपटॉप घेऊन कठड्यापाशी बसली होती. मी सहज विचारलं, "काय म्हणतीया गं डबी?"

"काकू, सोमवारपासून लाल दाखवतेय."

"लाल म्हंजी?"

"म्हणजे पुलावरून गाडी जाऊ द्यायची नाही."

माझी नात रोज याच पुलावरून शाळेच्या जीपमधून जाते, चौदा पोरं कोंबलेली असतात.

"मग सांगितलं कुणाला?"

"सरांना. ते खूप खूश झाले. म्हणाले, डबी बरोबर चालते."

"आन् गावाला?"

ती पोरगी लॅपटॉप मिटत म्हणाली, "गावाला कुणी सांगायचं, ते ठरलंच नव्हतं."

मी बाभळीच्या फांद्या ओढून आणल्या आणि पूल दोन्ही बाजूंनी बंद केला. तिने घाबरून सरांना फोन लावला, तो मी हिसकावून घेतला.

सर म्हणाले, "बाई, असा रस्ता अडवता येत नाही. आमचा अहवाल तयार होतोय."

मी म्हटलं, "करा की सावकाश. तवर गावाला काटं सांगत्यात."