शेवंता कासारणीची अर्धी गोष्ट

प्रभूच्या नावानं जमलात, आता जरा नीट सरकून बसा. पेटीवाले, स्वर हळू. मंडळी, आज एकच प्रश्न विचारणार आहे, आणि उत्तर लगेच देऊ नका. लगेच दिलेलं उत्तर बहुतेक दुसऱ्याचं असतं! स्वर्गात जाण्याआधी प्रभूनं शिष्यांना काय सांगितलं? जा, सगळ्यांना सांगा, शिष्य करा. बरं. मग 'सगळे' म्हणजे कोण? ओळखीचे तेवढे? की आधी चौकशी करायची, माणूस पारखायचा, आणि मग तोंड उघडायचं?

*ऐकिले ते कोंडू नको रे, दार मनाचे लावू नको ।*
*देणाऱ्याने तोलिले नाही, देताना तू तोलू नको ॥*

ऐका तर. नेवाशाच्या बाजूला एक गाव आहे. नाव सांगत नाही — तिथली दोन माणसं मला समोरच दिसतायत! त्या गावात सलोमीबाई मकासरे राहायची. पन्नाशीची विधवा. नवरा गेला त्या दिवशी हातातल्या बांगड्या फोडल्या, त्यानंतर पुन्हा हातात काच नाही. बाप्तिस्मा होऊन घराण्याच्या तीन पिढ्या झाल्या, पण ही रीत काही उंबरा ओलांडून गेली नव्हती. हसू नका. तुमच्या घरात काय काय उरलंय, ते मला ठाऊक आहे.

दर गुरुवारी दुपारी तिच्याकडे चार बाया जमायच्या, आणि सलोमीबाई शुभवर्तमानातली गोष्ट सांगायची. अशी सांगायची, की चुलीवरचं दूध उतू गेलं तरी कुणाला कळायचं नाही. पण गोष्ट सुरू झाली की दाराला कडी! का? तर आठ वर्षांमागं एक माणूस गोड बोलून सगळं विचारून गेला, आणि दुसऱ्या दिवशी पंधरा-वीस जण दारात उभे — 'इथं चालतं काय?' दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. सलोमीबाई तर साधं पाणीही फुंकून प्यायला लागली होती.

नाताळ तोंडावर आला होता. तिची सून रिबका ओसरीवर कासारणीकडून बांगड्या भरून घेत होती. सुनेलाही ऐकू जावं म्हणून त्या गुरुवारी दार किलकिलं ठेवलेलं. आत गोष्ट चालली होती. बारा वर्षं रक्त जाणारी एक बाई. वैद्य झाले, उपाय झाले, लोक तिला शिवेनात. ती गर्दीत मागून आली आणि प्रभूच्या वस्त्राच्या काठाला हळूच हात लावला. प्रभू थांबला. वळला. विचारलं, "मला कोण शिवलं?"

आणि सलोमीबाईची नजर बाहेर गेली. शेवंता कासारणीचा हात थांबला होता! हिरवी बांगडी रिबकाच्या मुठीवर अडकलेली, आणि शेवंताचे डोळे दारात.

आता शेवंता म्हणजे कोण? डोक्यावर पाटी, पायाला भिंगरी. गावातलं एक घर तिनं सोडलं नाही. ह्या घरची बातमी त्या घरी पोचायला शेवंताची एक चक्कर पुरे. सलोमीबाई उठली आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी शेवंता हजर.

"सलोमीबाई, त्या बाईचं पुढं काय झालं वो?"

"कुठल्या बाईचं?"

"ती, शिवली ती."

"तुला कशाला पाहिजे?"

"असंच."

असंच! मंडळी, 'असंच' म्हणणाऱ्यावर कुणी विश्वास ठेवलाय कधी? सलोमीबाईनं नाही ठेवला. तिनं विषय उडवला, हिनं पाटी उचलली. चार दिवसांनी पुन्हा आली, रिबकाचे हात भरलेले असताना! मग तर संशय पक्काच झाला. सलोमीबाई दारात आडवी उभी राहिली आणि म्हणाली, "खरं सांग शेवंते, कुणी पाठवलं तुला?"

 शेवंतानं पाटी डोक्यावर घेतली आणि वळली. सलोमीबाई मनात म्हणाली, आता बघतेच ही कुणाच्या घरी जाते. पदर खोचला आणि भर दुपारी तिच्या मागं निघाली.

शेवंता पाटलाकडं गेली नाही. देवळाकडं वळली नाही. सरळ आपल्या घरी गेली, आणि घरामागच्या गोठ्यात शिरली. सलोमीबाई कुडाला कान लावून उभी राहिली. बघा गंमत — दाराआडून कुणी ऐकू नये म्हणून कडी लावणारी बाई, आता स्वतः कुडाआडून ऐकतेय!

आतून एका पोरीचा आवाज आला. थकलेला.

"आई, सांगितलं का त्यांनी?"

"नाही गं मंदे."

"मग तूच सांग. तो म्हणला, कोण शिवलं मला. मग?"

"मग... रागं भरला असंल."

"मारलं असंल तिला," पोर म्हणाली. "सगळ्यांदेखत."

सलोमीबाईनं कुडावरचा कान काढला. अहो, तिनं दार लावलं होतं गोष्ट सांभाळायला, आणि तेवढ्यानं गोष्ट उलटी झाली! तारणारा होता, तो मारणारा झाला! आणि खोटं तर कुणीच बोललं नव्हतं. फक्त शेवट सांगितला नव्हता.

ती आत शिरली. गोणपाटावर वीस-बावीस वर्षांची मंदा. सारखं रक्त जातं म्हणून सासरच्यांनी आणून टाकलेली. शेवंता हात जोडून उभी राहिली. "बाई, गावात बोलू नका. घरात असं आहे कळलं, तर कोण माझ्याकडनं बांगड्या भरून घेईल?"

म्हणून ते 'असंच' होतं, मंडळी.

सलोमीबाई पुढं झाली, तशी पोर भिंतीला सरकली. "शिवू नका मला."

सलोमीबाई तिथंच बसली आणि पोरीचा हात हातात घेतला. "तो रागावला नाही गं. त्यानं तिला हाक मारली. काय म्हणून? लेकी म्हणून! सगळ्यांदेखत लेक म्हणाला, आणि म्हणाला, तू बरी झालीस, आता सुखानं जा." इतकं सांगता सांगता सलोमीबाई स्वतःच रडायला लागली.

बरी झाली का पोर? विचारा, विचारा, मघापासून तेच मनात आहे तुमच्या! दोघींनी मिळून तिला नगरला डॉक्टरकडं नेलं. सहा महिने औषध चाललं, प्रार्थना चालली, आणि झाली बरी. पण त्या दिवशी गोठ्यात आणखी एक झालं. सलोमीबाई डोळे पुसत होती, तिचा रिकामा हात शेवंतानं धरला आणि पाटी पुढं ओढली. सलोमीबाईनं झटकन हात मागं घेतला. "नको गं. मी विधवा. लोक काय म्हणतील?"

शेवंता म्हणाली, "माझ्या लेकीला शिवताना लोक नाही आठवले तुमाला?"

त्या दुपारी सलोमीबाई हिरवी काच किणकिणवत घरी आली. गुरुवारच्या दाराची कडी काढून टाकली. ओसरीवर आता शेवंता आणि मंदा पहिल्या बसतात.

आणि शेवंता? तिचा स्वभाव थोडाच बदलला! ह्या घरचं त्या घरी नेणारी बाई ती. हातात हात धरून बांगड्या भरते, बांगड्या भरताना कुणाला उठता येत नाही, आणि ती गोष्ट सांगते — शेवटापर्यंत. सलोमीबाई जिला भीत होती, तीच जीभ प्रभूला हवी होती.

आता तुमच्याकडं वळतो. खाली बघू नका, माझ्याकडं बघा. तुमच्या दाराशी 'असंच' म्हणत कोण येऊन गेलं? तुम्ही म्हणालात, ह्याचा हेतू काय, हिला कुणी पाठवलं? मंडळी, कुणी पाठवलं असेल, ह्याचा जरा विचार करा. बोला, प्रभूचा जयजयकार असो — आणि घरी जाताना त्या माणसाच्या दारावरून जा. तो अजून गोष्टीच्या शेवटाची वाट बघतोय.