हात वर करून ठरवलेला उतार

बुक्का लागला, हार पडला, पेटीवाल्या विनायकरावांचा चहाही झाला. आता आख्यानाकडे वळू. पण मंडळी, त्याआधी एका प्रश्नाचं उत्तर द्या. आपल्या दारातलं पाणी दुसऱ्याच्या दारात ढकललं, तर ते पाप की पुण्य?

पाप! बघा, किती लगेच म्हणालात! आणि समजा, ढकललं नाही. आपण फक्त आपलं दार वीतभर उंच केलं, आणि पाणी आपलं आपण गेलं शेजारी – मग?

आता कसे गप्प झालात! ऐका तर.

एक गाव होतं. नाव नाही सांगत – तुमचे पाहुणे निघायचे तिथं! त्या गावात टेकडीच्या उतरणीवर एक कॉलनी. चाळीस घरं. माणसं देवभोळी, शिकलेली, आणि मुरमाची फार हौस! म्हणजे काय, की पावसाळा जवळ आला की प्रत्येकाच्या दारात मुरमाची ट्रॉली. कुलकर्ण्यांनी अंगण वीतभर उचललं, की खालच्या सुतारांनी दीड वीत. मग कुलकर्ण्यांची झोप उडाली! पुढच्या वर्षी त्यांनी दोन ट्रॉल्या आणल्या. अहो, दहा वर्षांत अंगणं एवढी चढली, की पूर्वी चार पायऱ्या चढून घरात जायचे, ते आता दोन पायऱ्या उतरून जायला लागले!

आणि पाणी? पाण्याला कुठं मुरूम विकत घेता येतो! ते बिचारं खाली, खाली, अगदी तळाच्या घरात. तिथं राहायची हौसाक्का जगदाळे. नवरा गेलेला, पिठाची एक गिरणी, आणि घरात डोळ्यांनी अधू झालेली म्हातारी सासू. गिरणी चालली तर दोघींची चूल पेटणार. दर पावसाळ्यात पाणी आत शिरायचं. हौसाक्का सासूच्या खाटेखाली दरवर्षी एकेक वीट वाढवायची. गिरणीची मोटर दोनदा जळाली, दोनदा आतली तार नव्यानं भरून आणली. मोटरवाला म्हणाला, "आक्का, आता तिसऱ्यांदा आणू नका. हिच्यात जीव राहिला नाही." म्हणजे अजून एकदा पाणी शिरलं, की गिरणी बंद. कळलं ना? एवढं ध्यानात ठेवा.

आणि तिच्या घराच्याही खाली कोण? दादासाहेब खराडे! निवृत्त विस्तार अधिकारी, कॉलनीचे अध्यक्ष. बंगला पुरुषभर उंच जोत्यावर, तिथं पाणी चढायचं नाव नाही. बंगल्यामागं ओढा. पूर्वी कॉलनीचं सगळं पाणी त्या बाजूनं ओढ्याला मिळायचं. साहेबांनी काय केलं? कंपाउंडची भिंत जरा – जराच हां! – तीन फूट पुढं सरकवली. पाण्याची वाट गेली आत. वर तुळस लावली. आता तुळशीला हटवा म्हणायची कुणाची छाती आहे?

तर एके वर्षी नगरपालिकेची योजना आली. पावसाच्या पाण्याचं गटार बांधून मिळेल. दहातला एक वाटा लोकांनी घालायचा. सभा भरली. वर्गणी कोण देणार? तर शांतता! आता बघा, याच मंडळींनी कॉलनीच्या कमानीची वर्गणी दोन दिवसांत जमवली होती. कमानीवर नावं कोरतात हो! गटारावर नाव कुठं घालणार? एकजण म्हणाला, "झाकणांवर घालू, एकेका झाकणावर एकेक दाता." तर कुलकर्णी म्हणाले, "आणि लोक माझ्या नावावर पाय देऊन जाणार?"

पहिली वर्गणी दिली हौसाक्कानं. दळणाच्या पैशातून, पिठाचे हात पदराला पुसून. तेव्हा कुठं बाकीचे लाजले आणि खिसे चाचपायला लागले.

नगरपालिकेनं एक इंजिनिअर पोरगी पाठवली, तेजस्विनी बनसोडे. तिपाईवर दुर्बीण मांडून तिनं सगळी उंची-खोली मोजली आणि चुन्याची फकी टाकत टाकत आली. ती रेघ गिरणीपाशी आली आणि थेट दादासाहेबांच्या तुळशीत घुसली!

"काका, पाण्याची वाट इथूनच आहे. तीन फूट सोडावे लागतील."

दादासाहेब हसले. पद असलेला माणूस हसला ना मंडळी, की समजावं काम गेलं. म्हणाले, "बाई, उरलेली निम्मी वर्गणी मी एकटा देतो. फक्त गटार चौकातून वळवायचं आणि बसस्टँडच्या रस्त्याला न्यायचं."

"काका, तिकडं जमीन चढते!"

"चढते की नाही ते सभा ठरवेल."

आणि ठरवलं हो! माझं खोटं वाटत असेल, तर त्या गावात जाऊन ठरावाची वही बघा. "गटाराचा उतार बसस्टँडकडे राहील. सूचक अमुक, अनुमोदक तमुक." पोरगी हात जोडून सांगत होती, "अहो, पाणी सभेला येत नाही!" कोण ऐकतो! दादासाहेब म्हणाले, "हे मंजूर नसेल तर माझी वर्गणी परत. मग गटारच नको!" झाले हात वर. एकोणचाळीस.

चाळिसावी हौसाक्का. तिला उतार ठाऊक होता. दरवर्षी तिच्या घरात येऊन सांगायचा तो! पण ती मनाशी म्हणाली, काहीतरी होतंय तर होऊ दे. तिनंही हात वर केला. मंडळी, एकोणचाळीस हातांचा मला राग येतो. त्या चाळिसाव्या हातानं मात्र मला रडू येतं.

गंगा खाली आणणाऱ्या राजाची गोष्ट तुम्ही शंभरदा ऐकलीत. गंगा आणली, आणली म्हणून आपण टाळ्या वाजवतो. अहो, नेली कुठं? थेट सागरापर्यंत! राजा पुढं, गंगा मागं. वाटेत एका ऋषींचा आश्रम बुडाला, तर ते अख्खी गंगा पिऊन बसले. आपल्या कॉलन्यांत आहे का कुणी पिणारा? नाही ना? मग सागरापर्यंत चालावं लागतं, बाबांनो! चौकात वळून भागत नाही.

गटार बांधून झालं. उद्घाटन! नारळ फुटला, पेढे वाटले, नगरसेवकांनी घागरभर पाणी गटारात ओतलं. पाणी चार हात गेलं, थांबलं, आणि मागं फिरून नगरसेवकांच्या बुटात शिरलं! कंत्राटदार म्हणतो, "नवीन आहे साहेब, सवय होईल." अहो, नवी सून आहे का ती?

मग श्रावणात एके दुपारी ढग फुटल्यासारखा पाऊस आला. आणि गटारानं काम केलं की! फक्त उलटं. बसस्टँडच्या रस्त्याचं सगळं पाणी, जे आजवर कॉलनीत कधी आलं नव्हतं, ते त्या नव्या कोऱ्या गटारातून घरी पाहुणं आलं. आणि उतरलं कुठं? हौसाक्काच्या गिरणीत!

आरडाओरडा झाला. लोक धावले. दादासाहेबही धावले – माणूस वाईट नव्हता हो. आपल्यासारखाच होता. कमरेएवढ्या पाण्यातून ते आतल्या खोलीत गेले. हौसाक्का सासूची खाट दोन्ही हातांनी उचलून धरायला बघत होती. गोधडी भिजली होती. म्हातारीनं चाहूल घेतली.

"कोण आलंय गं?"

"खराडेसाहेब आलेत, आत्या."

म्हातारी तशाही स्थितीत पदर सावरत म्हणाली, "या साहेब, या. उभे का? बसा की! हौसा, साहेबांना चहा टाक."

बसा! कुठं बसणार? त्या घरात बसायला कोरडी जागाच उरली नव्हती, आणि ती कुणी ठेवली नव्हती हे त्या एका माणसाला पक्कं ठाऊक होतं. त्यांनी म्हातारीला दोन हातांवर उचललं, बाहेर सुतारांच्या ओट्यावर ठेवलं, आणि घरून पहार आणली. पहिला घाव त्यांनीच घातला. भिंत फुटली, तुळस आडवी झाली, आणि पाणी असं धावलं ओढ्याकडे! अर्ध्या तासात गिरणीची फरशी दिसायला लागली. तीन फुटांची वाट होती, मंडळी!

मोटर मात्र गेली. कायमची. दादासाहेब मान खाली घालून म्हणाले, "आक्का, नवी मोटर मी घेऊन देतो."

हौसाक्का काय म्हणाली? "मोटरचं मी बघीन, साहेब. तोवर दुसऱ्याच्या गिरणीत दळायला जाईन. तुम्ही भिंत परत बांधणार नाही, एवढं ठरावाच्या वहीत लिहा."

लिहिलं. इंजिनिअर पोरीच्या रेघेवरनं गटार ओढ्याला गेलं. आणि ते जुनं, उलटं गटार? ते अजून आहे! ठरावानं बांधलंय, ठरावाशिवाय पाडता येत नाही, आणि सभेला कोरम होत नाही!

हसा, हसा. हसून झालं? आता जरा पायाखाली बघा.

तुमचे पाय कोरडे आहेत. बाहेर चार दिवसांची झड आणि मांडव कोरडा ठणठणीत! काल रात्रीतून तीन ट्रॉल्या मुरूम पडला म्हणे, कीर्तनाला येणाऱ्यांचे हाल नकोत म्हणून. छान केलंत. ते पाणी कुठं गेलं, हे कुणी विचारलं? मी विचारलं. मघाशी हातपाय धुवायला मागं गेलो होतो. मांडवामागं जे दोन खोल्यांचं घर आहे, तिथल्या बायका घोटाभर पाण्यात चूल विटांवर मांडून तुमच्या प्रसादाचा शिरा भाजतायत. मला बघून म्हणाल्या, "महाराज, कीर्तन इथूनही ऐकू येतं हो."

आरती आत्ता होणार नाही. कोपऱ्यात फावडी आहेत, मी बघितलीत. त्या घरापासून तुमच्या इथल्या ओढ्यापर्यंत वीस हात चर मारायचा आहे. विनायकराव, पेटी चालू ठेवा, मी नामाचा गजर धरतो. आणि पहिल्या रांगेतले, तुम्ही आधी उठा. मुरूम तुम्ही टाकलाय.